हात कोणी लावला?

माझ्या आत्याला संग्रहालयात सगळे ‘हात-मागे बाई’ म्हणतात. तिला हे माहीत आहे, आणि राग येण्याऐवजी तिला त्याचा चांगलाच अभिमान आहे. कलासंग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर, समुद्राच्या चित्रांच्या दालनात ती राखणीला असते. कोपऱ्यात तिच्यासाठी खुर्ची ठेवलेली आहे, पण तिच्यावर आत्याचा स्वेटर बसतो, आत्या नाही. बसलेलं माणूस उठेपर्यंत लोक काय वाट्टेल ते करून मोकळे होतात, असं तिचं म्हणणं.

तुम्हाला वाटत असेल, चित्रं बघायला येणारी माणसं म्हणजे किती सुसंस्कृत! विचारा आत्याला. खाली दारातच ही भली मोठी पाटी आहे. फोन गप्प ठेवा, फ्लॅश मारू नका, पाठीवरची सॅक पोटावर घ्या, खाऊ नका, पिऊ नका, पेन काढू नका, पिवळ्या पट्टीच्या आत येऊ नका, हात लावू नका. लोक ही पाटी मन लावून वाचतात, तिच्याशेजारी उभं राहून फ्लॅश मारून फोटो काढतात, आणि वर येऊन पहिल्याच चित्राला बोट लावतात. का, तर रंग ओला आहे का बघायला! अहो, रंगवणारा मरून त्याचे पणतू म्हातारे झाले, अजून ओला राहील का रंग? वर शाळेच्या सहली असतात. त्यात पोरं बिचारी गप्प असतात, बाई ‘शांतता राखा’ म्हणून इतक्या जोरात ओरडतात की खालचा तिकीटवाला दचकतो.

आत्या कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिला शिकवलं होतं, माणसाचे हात बघायचे. तोंडं सगळ्यांची चित्र बघतानाची असतात, गंभीर. करामती खाली चाललेल्या असतात. त्यामुळे झालंय काय, तिला रस्त्यात भेटलेला माणूस चेहऱ्यावरून ओळखू येत नाही, आणि बसमध्ये दांडीला धरलेल्या हातांवरून ती सांगते, ‘हा मागच्या रविवारी आला होता, खोडकर आहे मेला.’

आत्या आमच्याच घरी राहते. तरुणपणी लग्न होऊन गेली होती, दोन वर्षांत परत आली. ‘हिचा स्वभाव’ एवढं एकच कारण घरात सांगितलं जातं, आणि सांगताना आवाज खाली करतात. आता हा स्वभाव आमच्या घरात कसा नांदतो ते ऐका. टीव्हीच्या आसपास पाण्याचा पेला नेता येत नाही. कपाटाच्या काचेला बोटाचा ठसा दिसला की चौकशी बसते. माझ्या चुलतभावाला बाळ झालं, तेव्हा बघायला आलेल्यांना तिने दारातच रांगेत उभं केलं. फ्लॅश बंद, आवाज बंद, हात मागे. बाळाच्या सख्ख्या आजोबांनी गाल ओढायला हात पुढे केला, तर म्हणाली, “लांबूनही छान दिसतं.” आजोबा अजून आमच्याकडे येत नाहीत. बाळ मात्र त्या दिवशी सलग चार तास झोपलं, हेही खरं.

आता माझं सांगते. माझं लग्नाचं वय होतं तेव्हा मी नोकरी शोधत होते. नोकरी लागली तोवर वय ‘झालं’. आईच्या डोळ्याला डोळा लागेना. येणाऱ्या स्थळांमध्ये कोणाला मी उंच, कोणाला सावळी, कोणाला फार बोलकी. शेवटी एक स्थळ असं आलं की नाव ठेवायला जागाच नाही. दिसायला नीटनेटकं, पगार बरा, फोनवर बोलणं इतकं गोड की मलासुद्धा वाटायला लागलं, चला, गाडी रुळावर येतेय. खोटं कशाला बोलू, मला ते हवं होतं. रोज रात्री आईचा सुस्कारा ऐकायचा कंटाळा आला होता, आणि स्थळाचा आवाजही आवडला होता.

भेटायचं कुठे, यावर स्थळाच्या आईने तोडगा काढला. “हॉटेलात गोंगाट फार असतो, घरी अवघडल्यासारखं होतं. आपण कलासंग्रहालयात भेटू या. कसं सुसंस्कृत वाटतं!”

माझी आई पांढरीफटक पडली. कारण आईने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, ‘माझी नणंद कलाक्षेत्रात आहे.’

रात्री आईने आत्यापुढे पदर पसरायचाच बाकी ठेवला. “वन्सं, रविवारची सुट्टी घ्या ना हो.”

“रविवारी गर्दी असते. नाही मिळत.”

“मग निदान ओळख दाखवू नका. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे.”

“दालनात मी कोणालाच ओळखत नसते,” आत्या म्हणाली, आणि ताट उचलून गेली. आईला वाटलं, मान्य झालं.

रविवारी बाबांना दुकान सोडता येत नव्हतं, म्हणून आई आणि मी गेलो. स्थळ आणि स्थळाची आई वेळेवर हजर. स्थळाच्या आईने पाटी मोठ्याने वाचून दाखवली, शेवटी “बाई गं, श्वास घ्यायला तरी परवानगी आहे का?” असा विनोद केला, आणि आई इतकी हसली की मला लाज वाटली. वर दालनात आत्या हात मागे बांधून उभी होती. स्थळाच्या आईने तिला विचारलं, “ए बाई, बसायला बाक कुठंय?” आत्याने मानेनेच दाखवला. आईने भिंतीकडे तोंड केलं आणि चित्र फारच आवडल्यासारखं बघत राहिली. भिंतीवर तिथे नुसता दिव्यांचा खटका होता.

दोघी आया बाकावर बसल्या. आम्हाला ‘बघा जरा चित्रं’ म्हणून पुढे पाठवलं. आम्ही दालनातल्या सगळ्यात मोठ्या समुद्रासमोर उभे राहिलो. या चित्रात रंग असा थापलाय की लाट भिंतीतून बाहेर आल्यासारखी दिसते. स्थळ मला वाचनाबद्दल विचारत होतं, मी उत्तरं देत होते, छान चाललं होतं. मग स्थळ म्हणालं, “खरंच एवढा जाड रंग असतो का हो?”

आणि पट्टीच्या आत जाऊन त्याने लाटेवर नख घासलं.

“अहो, नको!” म्हणेपर्यंत चित्राशेजारची घंटा टीं टीं करून बोंबलली. सगळं दालन आमच्याकडे वळलं. स्थळाचा हात केव्हा खिशात गेला ते कळलंही नाही. दोघी आया धावत आल्या. आत्याही आली, पण चालत. आधी ती चित्राकडे वाकली, लाट नीट बघितली, आणि मग उभी राहिली.

“हात कोणी लावला?”

मी स्थळाकडे बघितलं. म्हटलं, आता बोलेल, ‘सॉरी, माझाच लागला.’ बोललं ना! किती गोड आवाजात बोललं.

“जाऊ द्या हो, बाई. यांना नियम माहीत नव्हता. चुकून लागला हात. यांच्या वतीने मी माफी मागतो.”

माझ्या वतीने! मी तोंड उघडलं. त्याच क्षणी मागून आईने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

आत्याने मला विचारलं, “तू लावलास?”

दालनभर माणसं बघत होती. स्थळ माझ्याकडे बघून हसत होतं, समजूतदारपणे.

“हो,” मी म्हटलं. “चुकून लागला.”

“मग चला बाहेर. हात लावणाऱ्याला आत थांबता येत नाही.”

आणि माझ्या सख्ख्या आत्याने मला मनगटाला धरून दालनातून बाहेर काढलं. जिन्यावरून, तिकीटवाल्यासमोरून, छत्र्या ठेवायच्या खिडकीजवळून थेट बाहेरच्या पायऱ्यांपर्यंत. लोक बाजूला होऊन वाट देत होते. एका लहान मुलीला तिची आई सांगत होती, “बघितलंस? म्हणून हात लावायचा नाही.”

पायऱ्यांवर माझा बांध फुटला. “तू बघितलंस! तू हातच बघत असतेस ना दिवसभर? त्याने लावला हात!”

“बघितलं,” आत्या म्हणाली. “डावा हात, अंगठी असलेला.”

“मग मला का काढलंस?”

“‘हो’ तू म्हणालीस. तो नाही म्हणाला.”

“अगं, माझं लग्न ठरत होतं आत्या! काय बोलणार होते मी तिथे? चारचौघांत त्याची लाज काढू?”

“नको काढूस.” तिने माझं मनगट सोडलं. “दुसरं तिकीट काढ, वर ये, त्याच्या शेजारी उभी राहा. मी अडवणार नाही. पण यापुढे त्या घरात काहीही फुटलं ना, की सगळे आधी तुझ्याकडे बघतील. आणि तू ‘हो’ म्हणशीलच.” एवढं बोलून ती वळली. “जाते. दालन मोकळं पडलंय.”

मला तिचा इतका संताप आला की काय सांगू. मनात म्हटलं, स्वतःचं मोडलं, आता माझंही मोडायला निघाली. तिकिटाच्या खिडकीकडे दोन पावलं गेलेसुद्धा. तेवढ्यात आतून तिघं बाहेर आली. आईचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, त्या घंटेचा काही खुलासा झाला.

“अभिनंदन!” स्थळाची आई म्हणाली आणि माझा हात हातात घेतला. “आम्हाला मुलगी पसंत आहे. खरं सांगू, हिच्यात हुशारीबिशारी नाही, हेच मला आवडलं. चूक झाली, लगेच कबूल केली. उलट शब्द नाही, तोंड वर करून बोलणं नाही. आजकाल बघायला मिळतं का हे?”

“संस्कार हो,” आई म्हणाली.

मी स्थळाकडे बघितलं. स्थळ खूश होतं. माझ्याकडे त्याने अशा नजरेने बघितलं, जणू दुकानातून आणलेली वस्तू घरी येऊन लावून बघितली आणि नीट चालली. एक सांगते, तोवर माझ्या मनात त्याच्याबद्दल राग नव्हता. तिथे आला.

“हात यांनी लावला होता,” मी म्हटलं.

कोणाला कळेचना. मी पुन्हा सांगितलं. मग स्थळाचा गोडवा पातळ झाला. “अगं, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस?” तासाभरापूर्वी मी ‘तुम्ही’ होते. “उलट मी तुझी बाजू सावरली तिथे.”

“माझी बाजू कुठे होती? हात तुमचा होता.”

“कोण म्हणतं? ती शिपाईबाई?”

“ती माझी आत्या आहे.”

स्थळाच्या आईने माझा हात सोडला. माझ्या आईकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “कलाक्षेत्रात!” एवढंच म्हणाली. मग मुलाला म्हणाली, “चल रे.” ती दोघं पायऱ्या उतरून गेली. जाताना त्याने मागे वळून बघितलं नाही, आणि मला वाईट वाटलं, हेही सांगून टाकते. आवाज खरंच चांगला होता त्याचा.

आई मटकन खाली बसली. पायरीवरच. आल्या-गेल्यांना वाट अडते याचंही भान नाही.

“घालवलंस,” ती म्हणाली. “सोन्यासारखं स्थळ घालवलंस. हेच बोलायचं होतं तर वर का नाही बोललीस? तेव्हा ‘हो’ कशाला म्हणालीस मग?”

“तू चिमटा काढलास म्हणून.”

 आईने माझी बाही वर सरकवली. दंडावर लालभडक वळ उठला होता. तिने बोट पुढे नेलं, पण हात लावायचं तिला धाडस होईना.