मामांची नापसंती

माझ्या बायकोच्या मामांइतकी नावं अख्ख्या वऱ्हाडात कोणी कशाला ठेवली नसतील, आणि त्यांच्याइतका जीवही कोणी कशाला लावला नसेल. ही दोन्ही कामं ते एकाच वेळी करत, एवढीच काय ती अडचण. मामा साखरखेर्ड्याचे शेतकरी, पण त्यांची ख्याती बैलांच्या पारखीसाठी. कोणाला बैल घ्यायचा असला की आधी मामांना बाजारात न्यायचं. आवडलेल्या बैलाचं मालकासमोर कौतुक केलं तर मालक भाव चढवून बसतो, म्हणून तोंडाने दोष काढायचे आणि मनात बैल पक्का करायचा, हे बाजारातलं साधं शहाणपण. मामांनी ते बाजारातून घरी आणलं आणि परत नेऊन ठेवायला विसरले. ताटातल्या भाजीला ते "लाजवाब" म्हणाले की मामी ती मुकाट्याने म्हशीपुढे टाकत. "हे काय रांधलं?" म्हणाले की आणखी वाढत. लग्नाआधी मला पाहायला आले तेव्हा चारचौघांत म्हणाले, "मान आखूड हाये. छाती तर दिसूनच नाई राह्यली. अन् चालते असा, जसं काई हरवलं याचं." माझे वडील संतापून उठले, तर मुलीकडची मंडळी पेढे वाटत होती.

आमची कुसुम दोन वर्षांची होत आली तरी चालेना. बसल्या जागी सगळ्या घरावर राज्य करी, पण पायावर उभी राहायचं नाव नाही. मी चिखलीच्या शाळेत मास्तर, त्यामुळे सल्ला देणाऱ्यांना तोटा नव्हता. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "पाय चांगले आहेत, खेळू द्या, वाट पाहा." बायकोला वाट पाहवत नव्हती. ती दिवसातून दहा वेळा पोरीचे पाय चोळी आणि माझ्याकडे पाठ करून डोळे पुसी. त्याच सुमारास बुलढाण्याच्या एका गोऱ्या साहेबाची नागपूरला बदली झाली आणि त्याच्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं. त्याच्या बागेत मुलांची खेळणी होती, ती मी कधीतरी कुंपणाबाहेरून पाहिली होती, त्यातलं एखादं कुसुमसाठी घ्यावं असं माझ्या मनात आलं. मामांच्या कानावर हे जाताच ते गाडी जुंपून चिखलीत हजर झाले. "बापहो, जनावर घ्यायचं अन् मले इचारत नाई?" असं मला फैलावर घेऊन त्यांनी मला बुलढाण्याला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीत बसवलं.

बागेत तीन वस्तू होत्या. घसरगुंडीभोवती मामा एकदा फिरले, तिच्या पत्र्यावर थाप मारली आणि म्हणाले, "वा! काय चीज हाये!" म्हणजे घसरगुंडी बाद. दुसरी होती मधे टेकू दिलेली लांब फळी, दोन टोकांना दोन मुलं बसून खालीवर होतात ती. "हे बी झकास," मामा म्हणाले, "पन हिले जोडी लागते." तिसरा एक लाकडी घोडा होता, बाकदार पायांवर डुलणारा. मामा त्याच्यासमोर उकिडवे बसले. त्याच्या जबड्यात बोट घालून रंगवलेले दात पाहिले. पाठीवरून शेपटीपर्यंत हात फिरवला. खांद्यावर लाकडाची एक गाठ होती, तिला बैलाच्या अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यासारखं निरखलं. मग उठून मोठ्याने म्हणाले, "फुकट दिला तरी कोनी न्यायचा नाई हा. डोळ्यात पानी नाई, खांद्यावर खोड हाये, अन् मागचे पाय पाहा, काय ते पाय!" मी ओळखलं की घोडा आमचा झाला.

सामान विकायला साहेबाच्या कचेरीतला एक कारकून बसला होता. बैलाचा भाव कधी तोंडाने बोलत नाहीत, उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. मामांनी जन्मात दुसऱ्या रीतीने काही घेतलं नव्हतं. त्यांनी सरळ आपलं उपरणं त्या कारकुनाच्या हातावर टाकलं आणि खालून त्याची बोटं पकडली. तो बिचारा पांढराफटक पडला. "अहो, हे काय करता! मी असलं काही घेत नसतो!" असं ओरडत तो खुर्चीसकट मागे सरकला. सगळा बंगला आमच्याकडे पाहू लागला. "घेऊ नको रे बाप्पा," मामा म्हणाले, "पन बोट तर धर!" शेवटी मीच मधे पडून तोंडाने व्यवहार उरकला, आणि तो मामांना अखेरपर्यंत कच्चाच वाटत राहिला.

घोडा आमच्या परसातल्या बागेत लिंबाखाली उभा राहिला आणि कुसुमने त्याला पाहून भोकाड पसरलं. वर बसवलं की किंचाळे, उतरवलं की मातीत बसून लांबून टक लावी. मामांची गाडी परत जायला रोज सकाळी जुंपली जाई आणि रोज बैल पुन्हा सोडले जात. चौथ्या दिवशी मामांनी आपल्या लाडक्या बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ काढून घोड्याला बांधली आणि दोरीने त्याला हळूहळू डुलवत बसले. कुसुम सरपटत आली. मामांचं धोतर धरून उभी राहिली. मग धोतर सोडलं. मधे चार पावलांचं अंतर होतं. बायको दारात होती, तिच्या हातातली परात तशीच राहिली. कुसुम डुगडुगत चार पावलं चालली आणि घुंगरमाळेला लोंबकळली.

"ही काय चाल हाये?" मामा ओरडले. "डावा पाय वाकडा टाकते! मले नाई पसंत." आणि उपरण्यात तोंड घालून खूप वेळ नाक शिंकरत बसले. बायको त्यांच्या पायाशी बसून हसत होती आणि रडत होती.

मामा जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. परवा कुसुमला पाहायला लोणारची मंडळी आली होती. मुलगी चहा घेऊन आली, गेली. सगळे म्हणाले, काय नाक, काय वळण, चाल तर किती डौलदार! बायको आत आली. म्हणाली, "एवढं कौतुक करून राह्यले. नाई म्हन्तील वाटते." दुसऱ्या दिवशी होकार आला, तरी तिचा विश्वास बसेना. खरं सांगायचं तर मलाही चैन पडेना. मी परसात गेलो, लिंबाखालच्या घोड्याची ती घुंगरमाळ हाताने हलवून पाहिली. पोरीचा डावा पाय अजून थोडा वाकडा पडतो, आणि ते मोठ्याने सांगणारं आता कोणी उरलेलं नाही.