मक्याच्या कडेची खोप

“होईल सवय,” असं म्हणताना ते डाव्या हाताच्या तळव्याने समोरची हवा हलकेच खाली दाबत. जणू हवेत एखादं कुरकुरणारं मूल आहे आणि त्याला निजवायचंय. कॅनडातल्या केंब्रिजच्या आमच्या घरात आम्ही नवे होतो. पहिल्याच जानेवारीत ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसता उपसता मी कंबर धरून उभा राहिलो, तेव्हा शेजारच्या ड्राइव्हवेतून हे दोन शब्द आले आणि पाठोपाठ तो हात दिसला. सवय बर्फाची, कंबरदुखीची की कॅनडाची, हे त्यांनी सांगितलं नाही.

ते वसईचे, ख्रिस्ती. गाड्यांच्या कारखान्यात दारं बसवायच्या लाइनवर होते. इथे येऊन पाव शतक होत आलं होतं. मला त्यांनी नावाने कधी हाक मारली नाही, ‘पुणेकर’ म्हणायचे. मी त्यांना अंकल म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला आँटी. पुण्याच्या जिभेला हे शब्द आधी जड जातात.

परदेशातली आपली माणसं तुम्हीही पाहिली असतील. काही जण विमानातून उतरल्या उतरल्या इथले होतात, काही मरेपर्यंत तिथलेच राहतात. अंकल दोन्हींत बसत नव्हते. ते टेबलाच्या टोकाला बसत.

हे टेबल खरंच होतं, कारखान्याच्या कँटीनमध्ये. ऑक्टोबर लागला की त्या टेबलावर हरणांशिवाय दुसरा विषय नसे. कुणाला कुठे दिसलं, कुणाचा नेम चुकला, कुणाच्या मेव्हण्याने काय थाप मारली. सगळ्यांत मोठा शिकारी डग नावाचा धिप्पाड, लाजरा माणूस. दर डिसेंबरात तो आपल्या हरणाचे सॉसेज करून टेबलावरच्या प्रत्येकाला द्यायचा, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरून. टोकाला बसलेल्या अंकलनाही.

आता आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो, हे तुम्हाला सांगायला नको. देव कुठलाही असो, या बाबतीत आपला सगळ्यांचा धर्म एक. आँटी त्या डब्यात फुगे भरून पाठवायच्या. फुगे म्हणजे वसईकडचे तळलेले गोल पाव. डग खूश व्हायचा. अंकल होत नसत.

“मांसाला पिठाने उत्तर देतोय इतकी वर्षं,” एकदा ते कुंपणावरून मला म्हणाले. “एकदा तरी त्याच्या डब्यात माझं हरण जायला पाहिजे. मग मी टेबलावरून उठायला मोकळा.”

रिटायर व्हायला शिकारीचे दोन सीझन उरले होते. त्या वर्षीचा डबा त्यांनी परत केलाच नाही. धुऊन, पुसून फ्रिजवर ठेवला.

“फुगे भरून देते की,” आँटी म्हणाल्या.

“त्याला हात नाही लावायचा.”

अंकलनी शिकारीचा कोर्स केला, परीक्षा दिली, लायसन्स काढलं आणि एक वापरलेला क्रॉसबो घेतला. धनुष्याला बंदुकीसारखा दस्ता आणि घोडा बसवला की जे होतं, ते. गावाबाहेरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आपल्या मक्याच्या कडेला, झाडी सुरू होते तिथे, बसायची परवानगी दिली. राहिली लपायची जागा. इथे तिला ब्लाइंड म्हणतात आणि दुकानात ती तंबूसारखी तयार मिळते. अंकल मला घेऊन दुकानात गेले, किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली आणि परत ठेवली.

“एवढ्या पैशांत मी हरणच विकत आणीन,” ते बाहेर येऊन म्हणाले. “आमच्याकडे वाडीत राखणीला खोप असते ना, तशी बांधू. माझ्या बापाने काय दुकानातून आणलेली?”

‘बांधू’ या अनेकवचनात मी होतो, कारण माझ्याकडे मिनीव्हॅन होती.

ती खोप कशाकशाची होती ते सांगितलं पाहिजे. सांगाडा कारखान्यामागे टाकून दिलेल्या लाकडी पॅलेट्सचा, सुपरवायझरला विचारून उचललेल्या. खाली कार्पेट, म्हणजे पाय वाजत नाहीत. कचऱ्याच्या गाडीच्या आदल्या संध्याकाळी लोक काय काय रस्त्याकडेला ठेवतात ते पाहायला अंकल मला फिरवत. एका सभ्य गल्लीत ते कार्पेट मिळालं. त्यावर कुणाच्या तरी कुत्र्याचं सारं बालपण उमटलेलं होतं. खुर्ची ऑफिसची, चाकं काढलेली. खिडक्यांना आँटींच्या वॉशरूममधला जुना, काळा शॉवर कर्टन.

उरलं बाहेरचं आवरण. त्यासाठी मोठं, पाणी न झिरपणारं कापड हवं होतं, आणि ते आमच्या मराठी मंडळाकडे होतं.

मंडळाचे अध्यक्ष पोटासाठी इन्शुरन्स विकत आणि मनासाठी हार घालून घेत. मागच्या गणेशोत्सवाचा त्यांचा फ्लेक्स हॉलच्या बेसमेंटमध्ये गुंडाळून पडला होता. कोपऱ्यात गणपती, बेताच्या आकाराचा. मधोमध अध्यक्ष, हात जोडून, कमरेपासून वर. खाली ‘सहर्ष स्वागत’. फ्लेक्सची मागची बाजू करडी असते, झाडीत मिसळून जाते. अंकलनी ती बाजू बाहेर ठेवून खिळे मारले. साहजिकच अध्यक्ष आत आले. खुर्चीवर बसलं की उजव्या हाताला, हातभर अंतरावर, त्यांचा तो प्रसन्न चेहरा.

“एवढा माणूस लक्ष ठेवायला असल्यावर झोप लागायची नाही,” अंकल म्हणाले.

खोप ऑगस्टमध्येच उभी राहिली. सीझन पुढे महिन्याभराहून लांब होता. मी विचारलं, इतकी घाई कशाला?

“हरणं आधी बिचकतात. मग रोज बघतात. होईल सवय.” तळवा खाली.

त्यांच्या या दोन शब्दांना एरवी कसलाच आधार नसे. या वेळी कोर्सच्या पुस्तकाचा होता. आणि खरंच, सप्टेंबरात मातीत खुरांच्या जोड्या उमटू लागल्या. आधी दूर, मग जवळ, मग थेट खिडकीखाली. अंकल गुडघ्यावर बसून ते ठसे पाहत आणि वर माझ्याकडे पाहून हसत. त्यांना तसं हसताना मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

इथवर सगळं एखाद्या कॅनेडियन माणसासारखं नीट चाललं होतं. मग आपली संस्कृती आडवी आली.

आँटी म्हणाल्या, नवी वास्तू आहे, फादरचा आशीर्वाद नको? नको कसं म्हणणार? तोवर आपला फ्लेक्स कुठे गेला याची चौकशी करत अध्यक्ष पोचले होते. ‘कॅनडातलं पहिलं मराठी शिकारघर’ असं त्यांनी परस्पर ठरवलं आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उद्घाटनाचं आमंत्रण टाकलं. सीझन सुरू होण्याआधीच्या रविवारी मक्याच्या कडेला गाड्यांची रांग लागली.

फादरनी पवित्र पाणी शिंपडलं. ते पाच मिनिटांत, शांतपणे, आटोपलं. मग मंडळाच्या उपाध्यक्षांनी पॅलेटच्या कोपऱ्यावर नारळ फोडला. उदबत्त्या लागल्या. गॅसची शेगडी आणून तिथेच बटाटेवडे तळले गेले. मुलं झाडीत लपाछपी खेळत इंग्रजीत किंचाळत होती. अध्यक्षांनी निसर्ग, संस्कृती आणि स्वतःचं कार्य यांच्यावर भाषण केलं. त्यातल्या निसर्गाच्या वाट्याला दोन मिनिटं आली. फीत कापून ते आत शिरले आणि समोर स्वतःलाच पाहून गहिवरले.

“तुम्ही मला आत जागा दिलीत! बाहेर सगळेच लावतात हो.”

अंकलना सगळं कळत होतं. हरणाचं नाक किती लांबचा वास घेतं यावर कोर्समध्ये आख्खा धडा होता. महिनाभर ते बिनवासाच्या साबणाने कपडे धूत होते. पण घरभरणीला आलेल्या पाहुण्याला ‘हळू बोला, वडे तळू नका’ असं सांगणारा वसईकर अजून जन्मायचाय. वड्यांचं ताट घेऊन फिरता फिरता ते माझ्यापाशी थांबले.

“संपलं, पुणेकर,” ते हळूच म्हणाले. आणि लगेच मोठ्याने, पलीकडच्या माणसाला, “घ्या ना, अजून एक घ्या, गरम आहे.”

त्या सीझनमध्ये एकही खूर उमटला नाही. पाऊस पडला, बर्फ पडला, तरी खोपेला उदबत्तीचा वास येत होता. डिसेंबरात डगने नेहमीसारखा डबा दिला. सॉसेज खाऊन झाल्यावर अंकलनी तो धुतला, पुसला आणि फ्रिजवर आधीच्या डब्यात बसवला.

पुढचा सीझन शेवटचा. या वेळी त्यांनी कुणालाही काही सांगितलं नाही. खोप वर्षभर तिथेच होती, वास गेला होता, ठसे परत आले होते. फक्त उन्हाळ्यापासून अंकलना खोकला होता.

फॅमिली डॉक्टर ॲलर्जी म्हणाले. मग एक्स-रे काढला, आणि ॲलर्जी म्हणायचे थांबले. स्पेशालिस्टची तारीख थंडीतली मिळाली. “होईल सवय,” अंकल म्हणाले. खोकल्याची की वाट बघण्याची, हेही त्यांनी सांगितलं नाही.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मी त्यांच्यासोबत बसलो होतो. बाहेर धुकं, मक्याची कापणी झालेली, जमिनीतून नुसते खुंट वर आलेले. उजवीकडे अध्यक्ष. झाडीतून एक मादी निघाली आणि आमच्याच दिशेने चालत आली. एवढ्या जवळून हरण पाहिलं की पहिली गोष्ट कळते ती ही, की ते सतत ऐकत असतं. अंकलनी क्रॉसबो खांद्याला लावला. तिने अजून थोडं वळायला हवं होतं. त्यांचे खांदे हलायला लागलेले मला दिसले. त्यांनी एका हाताने मफलर तोंडात कोंबला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मान लाल झाली होती, पण शस्त्र हललं नाही. मादी वळू लागली.

आणि खोकला फुटला.

पांढरी शेपटी वर झाली, दोन उड्या, आणि समोर धुकं. अंकल मिनिटभर वाकून खोकत राहिले. मग मफलरने डोळे पुसत म्हणाले, “तिला सांग रे कुणीतरी, होईल सवय.”

त्यानंतर ते शिफ्ट सुटल्यावर जवळजवळ रोज जाऊन बसत. आँटी ओरडायच्या, “थंडीत बसून छाती घालवताय. एक हरण मेलं नाही तर काय अडतंय?” ते फ्रिजवरच्या डब्यांकडे बघत आणि बूट घालत. ते रोज खोकत, हरणं रोज पळत. दोघांनीही त्यात खंड पडू दिला नाही.

डिसेंबरात सीझन संपला. त्याच आठवड्यात कारखान्यात त्यांचा निरोपाचा केक कापला. त्यांना टेबलाच्या मधोमध बसवलं होतं म्हणे. “खुर्ची हलत होती,” एवढंच मला सांगितलं. डगने डबा दिला. तो फ्रिजवर तिसरा.

स्पेशालिस्टने जानेवारीत जे सांगितलं, ते आम्हाला सगळ्यांना आधीच कळलं होतं. करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

फेब्रुवारीत हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती.

“खोपेवर बर्फ साचला असेल,” ते म्हणाले. “छत बसेल.”

“उद्या झाडून येतो, अंकल.”

नर्सने नळी नीट केली. ती टोचत असावी, त्यांनी तोंड वाकडं केलं आणि माझ्याकडे पाहिलं. डावा हात चादरीवरून थोडा उचलला, तळवा खाली केला. मी शब्दांची वाट पाहिली. ते आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन छत झाडलं. त्या आठवड्यातच ते गेले.

डग अंत्यविधीला आला, कोटात मावत नसलेला, आणि हातात आइस्क्रीमचा डबा. दुःखाच्या घरी काय न्यावं हे त्याला सुचलं नसावं. जे येत होतं ते त्याने केलं होतं. आँटींनी डबा दोन्ही हातांनी घेतला.

“आता चार झाले,” त्या मला मराठीत म्हणाल्या.

मी डगला बाजूला घेऊन फ्रिजवरच्या डब्यांची गोष्ट सांगितली. त्याचा चेहरा कोरा होता. “ते परत हवे असतात असं मला कधी वाटलंच नाही,” तो म्हणाला. “माझ्या बेसमेंटमध्ये ढीग आहे.” मग बुटांकडे पाहत म्हणाला, “मला सांगायचं तरी. मी घेऊन गेलो असतो त्याला.”

अध्यक्षांचा फोन आला. मंडळातर्फे श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायचा का? आँटी नको म्हणाल्या.

मार्चच्या अखेरीस शेतकऱ्याचा निरोप आला: नांगरणीआधी ते खोपट हलवा. मी हातोडी आणि पक्कड घेऊन मिनीव्हॅनने गेलो. बर्फ वितळून चिखल झाला होता. लांबूनच दिसलं, की वाऱ्याने एका बाजूचे खिळे उपटून फ्लेक्स उलटा फिरवलाय. अध्यक्ष बाहेर आले होते. उन्हापावसाने गाल फिके पडले होते, पण हात जोडलेले, आणि खाली अर्धं फाटलेलं ‘सहर्ष स्वागत’.

त्यांच्या पुढ्यात दोन हरणं मक्याचे सांडलेले दाणे वेचत होती. मार्चमध्ये शिकार बंद असते, पण तेवढ्याने ती कुणाला इतक्या जवळ येऊ देत नाहीत. मी थांबलो. पाऊल चिखलात वाजलं, तशी दोघांच्याही अंगातून एक शिरशिरी गेली. शेपट्या वर होऊ लागल्या. आता जाणार.

का ते सांगता येणार नाही, पण मी खोकलो. अंकल खोकायचे तसा, खोल, छातीतून, तीन-चार वेळा.

दोन्ही हरणांनी माझ्याकडे पाहिलं. शेपट्या खाली आल्या. मग त्यांनी माना खाली घातल्या आणि पुन्हा दाणे वेचू लागली.