आत्याच्या गालातले ठिपके

ओठांवर काळे ठिपके असणं आमच्या घरात नवीन नव्हतं. वडिलांना होते, मलाही आहेत. आतडं अडकून माझं ऑपरेशन झालं, तेव्हा इंदूरच्या डॉक्टरबाईंनी पोटाआधी माझे ओठ निरखले, याचं मला नवलच वाटलं. आतड्यात गाठी निघाल्या होत्या. ठिपके आणि या गाठी एकाच आनुवंशिक दोषातून येतात, पुढे कॅन्सरचा धोका असतो, असं त्यांनी समजावलं. वडील पोटाच्याच कॅन्सरने गेले होते.

माझ्या रक्तातली जनुकं तपासली. रिपोर्ट आला, दोष काहीच नाही. सुटले एकदाची, असं मला वाटलं. बाईंचं मात्र समाधान झालं नाही. कारण सापडल्याशिवाय माझ्या मुलीला तपासता येणार नव्हतं. घरात आणखी कुणाला ठिपके आहेत का, त्यांनी विचारलं.

उरली होती एक आत्या, बुऱ्हाणपूरकडच्या डोईफोडिया गावात. मी गेले, तर तिचे ओठ स्वच्छ. तरी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग दारातल्या उजेडात येऊन बसली आणि बोटाने गाल ओढून धरला. आत ठिपके होते.

"ओठांवरचे लग्नानंतर हळूहळू गेले," ती म्हणाली. "आतले कोणाला दाखवले नाही. भावाला तरी सांगायला पाहिजे होतं."

दुसऱ्याच आठवड्यात ती माझ्यासोबत इंदूरला आली.

बाईंनी आता वेगळी तपासणी केली. पहिली तपासणी जनुकातली बारीक चूक शोधते, अख्खा तुकडाच नसला तर तो तिच्या नजरेतून सुटू शकतो. आम्हा दोघींच्या एका जनुकातला तोच तुकडा गायब होता.

आत्याचं आयुष्य केळीच्या मळ्यात गेलेलं. ती म्हणाली, "म्हणजे एकेका केळ्यावर डाग शोधत होते, अन् घडातली फणीच नव्हती."

हे आता मी सगळ्या पेशंटना सांगणार, असं बाई हसत म्हणाल्या.

आत्याच्या आतड्यातल्या दोन गाठी दुर्बिणीतून काढल्या. कॅन्सर नव्हता. माझ्या मुलीचं जनुक शाबूत निघालं, तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यातच बसून रडले.

आता ठरल्या वेळी आम्ही दोघी तपासणीला जातो. पोट साफ करायच्या औषधाला आत्या वैतागते, पण चुकवत नाही. मागच्या खेपेला दोघींचं काही निघालं नाही. बुऱ्हाणपुरात उतरल्यावर आत्याने मावा जिलेबी घेतली, अन् गावाकडे जाणारी रिक्षा तापीपलीकडच्या जैनाबादला पोचायच्या आत आम्ही ती संपवली.