मनगटाचा व्यायाम आणि धुळ्याचे पाहुणे

वांग्यामुळे माणूस जायबंदी होऊ शकतो, यावर माझ्या घरात कुणाचाही विश्वास नाही.

पण मी झालो! हिवाळ्यात असोद्याला मित्राच्या मळ्यात भरीत पार्टी होती. "सरका, तुम्हाला ठेचता येत नाही," असं म्हणत मी भाजलेल्या वांग्यांवर मुसळ घेऊन असा काही तुटून पडलो, की वांगी शाबूत राहिली आणि मनगट लचकलं. शेक झाला, लेप झाला, मालिश झाली. (मालिशवाला "आता दुसरंही बघतो" म्हणाला तेव्हा मी पळालो.) उन्हाळा आला तरी चहाचा कप उचलताना "आई गं!" निघायचंच. शेवटी फिजिओथेरपी.

"पंजा खाली, पंजा वर," तिथल्या मॅडम म्हणाल्या. "दर तासाला करायचं. कुठेही असा, लाजायचं नाही!"

मी आज्ञाधारक माणूस. (बायकोचं मत वेगळं आहे.)

त्या रविवारी मेहरूणला ताईकडे धुळ्याचे पाहुणे आले. माझ्या भाचीला, श्वेताला बघायला. मुलगा, त्याचे आईवडील आणि आजोबा. आजोबांना सगळे आबा म्हणत. आबा सोफ्यावर टेकतात न टेकतात तोच माझा तास भरला. मी हात पुढे केला. पंजा खाली, वर, खाली, वर...

आबा ताडकन उभे राहिले. "हाऊ माणूस आपले हाकली ऱ्हायना!"

"नाही नाही, आबा, मी कुणाला हाकलत नाहीये!" मी घाबरलो, आणि घाबरल्यावर हात आणखी जोरात हलतो!

"चाल रे, ऊठ!" आबांनी नातवाला हुकूम सोडला आणि टोपी डोक्यावर घातली.

ताईने झडप घालून माझा हात धरला. नेमका दुखरा! मी असा किंचाळलो की आबा दारातच थांबले. मग भावजींनी सगळी कहाणी सांगितली: वांगी, मालिश, मॅडम.

आबा परत येऊन बसले. "मना बी हात दुखस ना, भाऊ! दखाड बरं, कसं करतस?"

मी दाखवलं. मुलाच्या आईचं मनगट पोळ्या लाटून दुखायचं, वडिलांचं स्कूटर चालवून. मुलाचं काहीच दुखत नव्हतं, पण मोठ्यांचा मान म्हणून त्यानेही हात पुढे केला. धुळ्याचं अख्खं घर ओळीने बसून पंजे हलवू लागलं. आणि नेमकी तेव्हाच श्वेता पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली!

समोर चार पाहुणे, चार पंजे आणि एकच खूण: जा, जा, परत जा!

"अहो, अजून नीट बघितलंसुद्धा नाही मला!" असं म्हणत ती पोह्यांसकट आत.

"पक्या!!" ताई माझ्यावर ओरडली.

"मी समजावतो," म्हणत मुलगा उठला आणि थेट स्वयंपाकघरात शिरला. आतून आधी भांडं आपटल्याचा आवाज आला. मग हसण्याचा! दोघं बाहेर आली तेव्हा पोहे संपले होते आणि लग्न ठरलं होतं.

साखरपुड्याला धुळ्याला निघताना ताईने बजावलं, "तिथे खिशातून हात काढलास तर बघ!" नाही काढले. एकूणएक फोटोत माझे दोन्ही हात खिशात आहेत.

आता धुळ्यात माझी ख्याती अशी: मुलीचे मामा भारी चिंगूस, खिशात हात घालतात, पण तो बाहेर म्हणून येत नाही!