उजवीकडे चढणारा उजेड

परचुरेकाकांनी कुणाच्या नव्या मोटरसायकलचं तोंडभरून कौतुक केलेलं मला आठवत नाही. कुणी पेढे घेऊन आलं की पेढा तोंडात टाकत ते म्हणत, "चला, आधी भिंतीला लावा." मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यांनी शेवटच्या भिंतीवर खडूने एक आडवी रेघ मारून ठेवली होती. गाडी तिच्यासमोर उभी करायची, लो बीम लावायचा आणि उजेडाची कड बघायची. ती डाव्या बाजूला रेघेच्या वर चढली की काका दुसरा पेढा उचलत. डायबेटिस होता, तरीही.

गुरुग्रामच्या एका मोटरसायकल कंपनीत ते दिव्यांचे इंजिनिअर होते आणि मी त्यांच्या हाताखाली. मूळचे पुण्याचे, पण तीस वर्षं दिल्लीत काढल्यामुळे त्यांचं वाक्य 'बिल्कुल'शिवाय सुरू होत नसे. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "बिल्कुल सीधी बात आहे. आपण डावीकडून चालतो, म्हणून उजेड डावीकडे चढायला हवा. कडेने चालणारा माणूस दिसतो. समोरचा येतो उजवीकडून, तिथे उजेड खालीच हवा. युरोपात सगळं उलट. तिथला दिवा इथे लावलास तर थेट समोरच्याच्या डोळ्यांत. आणि लावणाऱ्याला त्याचा पत्ताच नाही, त्याला रस्ता लख्ख दिसतो!"

अशा माणसाच्या हातून चूक झाली, आणि तीही खरं लिहिण्याची. युरोपची एक ऑर्डर रद्द झाली आणि तिथले दोनेक हजार दिवे गोदामात पडून राहिले. वरून कागद आला, 'दिव्यांत काही दोष आहे का?' काकांनी पेटी पेटी तपासून लिहिलं, 'एकही दोष नाही.' नव्हताच. विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, ही त्यांची शिस्त. हे दिवे या देशात चालणार नाहीत, हे त्यांनी लिहिलं नाही, कारण मोटरसायकलच्या कंपनीत ते कुणाला सांगावं लागेल असं त्यांना वाटलंच नाही. महिन्याभरात सगळा माल एका व्यापाऱ्याकडे गेला.

काकांना ते कळलं भिंतीपाशीच. सोसायटीतल्या शर्माजींनी हौसेने नवा दिवा बसवून आणला होता. उजेड उजवीकडे चढला. काका वाकून काचेवरचा नंबर बघत राहिले. "हा माझा आहे," एवढंच म्हणाले.

ऑफिसात त्यांनी फार डोकं आपटलं. "परचुरे जी, बिके हुए माल का क्या रोना? आपने ही तो लिखके दिया था," असं उत्तर मिळालं. मग दर रविवारी पिशवीत देशी दिवे घेऊन ते पेट्रोल पंपांवर उभे राहू लागले. दिवा फुकट बदलून देणारा म्हातारा म्हटल्यावर लोकांना संशय यायचा. "अंकल, एक्सपोर्ट क्वालिटी है, ये नहीं दूँगा," म्हणून ते निघून जायचे. पानिपतच्या एका दुकानदाराने पेटीच्या पेटी घेतल्याचं कळलं, तेव्हा मीही बरोबर गेलो. माल आठवड्यापूर्वीच संपला होता. परतीच्या गाडीत काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बूंद से गई वो हौद से नहीं आती, यार." माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस मला यार म्हणाला.

चार वर्षांत त्यांच्या हाती अडतीस दिवे लागले. मग रिटायरमेंट आली आणि साखरेने डोळे नेले. काकू आधीच गेल्या होत्या, त्यामुळे मुलगी त्यांना पुण्याला न्यायला आली. निघायच्या आदल्या संध्याकाळी ते मला म्हणाले, "एकदा भिंतीपाशी ने."

नुकताच राहायला आलेला एक भाडेकरू गाडी काढत होता. "भैया, ज़रा सामने लाइट मारना," मी म्हणालो. काकांनी चाचपडत भिंत गाठली आणि सवयीने डावीकडे, रेघेच्या वर तळवा टेकला.

"माझ्या हातावर उजेड आहे ना रे?"

उजेड उजवीकडे चढला होता. त्यांचा हात अंधारात होता.

"आहे, काका."

"बिल्कुल?"

"बिल्कुल."

ते हसले. एवढं मोकळं हसताना मी त्यांना चार वर्षांत पाहिलं नव्हतं. "म्हणजे संपले असतील रे ते. फुटले असतील, बदलले असतील," असं लिफ्टपर्यंत पुटपुटत राहिले.

तीन महिन्यांनी ते गेले. मुलीचा फोन आला, तेव्हा म्हणाली, "शेवटी शेवटी बाबा शांत होते. येईल त्याला सांगायचे, दिल्लीतले दिवे आता नीट झालेत."

त्या भाडेकरूला मी तीनदा विनवलं. तो दिवा द्यायला तयार नाही. परवा संध्याकाळी सोसायटीच्या गेटपाशी त्याची गाडी समोरून आली आणि माझे डोळे दिपले. मी जागच्या जागी उभा राहिलो. ती गेल्यावर दिसलं, माझ्या पुढे दोन पावलांवर शर्माजींची आई काठी टेकत रस्ता ओलांडत होती. तिनेही डोळ्यांवर हात धरला होता.