बाबांच्या लायसन्सचं नूतनीकरण

आमच्या गल्लीत कुणाला कसलाही फॉर्म भरायचा असला की तो माझ्याकडे येतो. इंदूरच्या 'जुनी इंदूर' भागात राहायला आल्यापासून रेशनकार्डापासून पासपोर्टापर्यंत सगळं मी भरून दिलंय. शाळेत गणित शिकवते, अक्षर बरं आहे, आणि कागदावर खोटं लिहीत नाही असा माझा लौकिक आहे. या लौकिकाचा मला फार तोरा होता. त्याच्याच आडोशाला उभं राहून मी बाबांची नोकरी घालवली.

बाबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. आजोबाही फौजेतच होते, महूच्या छावणीत आमच्या दोन पिढ्या वाढल्या. निवृत्तीनंतर बाबांनी स्वतःच्या नावावर लायसन्स काढलं, बारा बोअरची दुनळी बंदूक विकत घेतली आणि सराफ्यात एका सेठजींच्या दागिन्यांच्या दुकानाच्या दारात गनमन म्हणून उभे राहिले. आमच्याकडच्या बऱ्याच निवृत्त जवानांची हीच वाट. रखवालदार पुरवणारे एजन्सीवाले माणसाला आधी विचारतात ते, बंदूक स्वतःची आहे का आणि लायसन्स चालू आहे का. लायसन्स गेलं की बंदूक जाते, आणि बंदुकीशिवाय गनमन कसला?

रोज संध्याकाळी बाबा बंदूक खांद्याला लावून घरी येत आणि खोळीत घालून लोखंडी कपाटात ठेवत. आई म्हणायची, "माझ्या सवतीला आधी निजवा, मग चहा देते." बाबा खरंच आधी तिलाच ठेवायचे.

मग आई गेली. काविळीचं निमित्त झालं आणि तीन आठवड्यांत सगळं संपलं. बाबा रडले नाहीत. ते बोलायचे थांबले. ताटावर बसायचे आणि तसेच उठायचे. मी त्यांना मनाच्या डॉक्टरकडे नेलं, तेव्हा काही न विचारता रिक्षात बसले. चार महिने गोळ्या चालल्या. डॉक्टरांनी बंद करा म्हटल्यावर बंद केल्या, जशा सुरू केल्या होत्या तशाच, हुकूम म्हणून. दुकानावर तर ते महिन्याभरातच परत जायला लागले होते. मला वाटलं, निभावलं.

त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी मी भाजी घेऊन घरी आले. बाबा पलंगाच्या कडेला बसले होते आणि बंदूक मांडीवर आडवी होती. शेजारी आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी होती, तिनेच ते नळ्या पुसत. मी विचारलं, काय करताय? म्हणाले, "साफ करतोय." तेलाच्या बाटलीचं झाकण बंद होतं. चिंधीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

मी भाजी ओट्यावर ठेवली आणि वाटाणे सोलायला बसले. काय विचारणार? आमच्या घरात तब्येत म्हणजे गुडघे आणि शुगर. बाबा, तुम्हाला जगावंसं वाटतं ना, हा प्रश्न बापाला विचारायची रीत आमच्याकडे नाही आणि मला ती पाडता आली नाही. त्या दिवसापासून शाळेत फळ्यावर समीकरण लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर कपाट यायचं. मधल्या सुट्टीत मी काहीतरी निमित्त काढून त्यांना फोन करायचे.

अशात लायसन्सच्या नूतनीकरणाची वेळ आली. काम किचकट असतं. फॉर्म, फोटो, आधार, जुनी लायसन्सची वही, सरकारी डॉक्टरचा दाखला, ठाण्याचा अहवाल. ठाण्यातून शिपाई येऊन बंदूक कुठे ठेवता ते बघून जातो आणि शेजाऱ्यांना विचारतो, माणूस कसा आहे. शेजारी म्हणाले, देवमाणूस. डॉक्टरांनी डोळे बघितले, हात पुढे करायला लावले, दाखल्यावर सही केली. मनाचं त्यांनी काही विचारलं नाही.

फॉर्म अर्थात मी भरला. त्यात एक प्रश्न असतो, अर्जदाराला कधी मानसिक आजार झाला आहे का, उपचार घेतले आहेत का. मी 'होय' लिहिलं आणि पुढे 'चार महिने औषधोपचार' असंही लिहिलं. लिहिताना स्वतःला सांगत होते, खरं आहे ते लिहिते आहे. पण हात कशासाठी चालतोय ते मला पक्कं ठाऊक होतं. ऑफिसनेच नाही म्हटलं तर सुंठीवाचून खोकला जाईल. बंदूक घरातून जाईल आणि मला बाबांना काही विचारावं लागणार नाही. बाबांनी न वाचता सही केली.

कलेक्टर कचेरीत शस्त्र शाखेच्या खिडकीपुढे रांग होती. आमच्या पुढे एक गॉगलवाले भिया, म्हणजे इंदुरी दादा, होते, नवीन पिस्तुलासाठी आलेले. जिवाला धोका कुणापासून, असं खिडकीतल्या बाबूने विचारल्यावर ते गडबडले आणि म्हणाले, "साहब, दुश्मन तो बन ही जाते हैं." रांग हसली. बाबाही हसले, कितीतरी महिन्यांनी. त्यांना हसताना बघून मला फॉर्म मागे घ्यावासा वाटला. घेतला नाही.

आमचा नंबर आला. बाबूने कागद चाळले आणि त्या प्रश्नावर पेन टेकवलं. वयस्क, भला माणूस होता. हळू आवाजात म्हणाला, "मैडम, यहाँ तो सब 'नहीं' लिखते हैं. डॉक्टर साहब ने फिट दिया है, आप क्यों लफड़े में पड़ रहे हो? दूसरा फॉर्म देता हूँ, भर दो."

मी हात पुढे केला नाही.

बाबांनी विचारलं, "क्या लिखा है?"

बाबूने वाचून दाखवलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. परेडवर शेजारच्याची चूक झाली की जवान समोरच बघत राहतो, तसं त्यांनी मग तोंड खिडकीकडे वळवलं. म्हणाले, "सही है साब. इलाज लिया है. बेटी ने लिखा है तो सही ही लिखा होगा."

"सोच लो हवालदार साब."

"जो सच है वो सच है. रहने दो."

तेव्हासुद्धा एक शब्द बोलता आला असता. नवा कोरा फॉर्म बाबूच्या हातात होता. घरी येताना बाबांनी रिक्षात मला शाळेचं विचारलं, पोरांचे पेपर तपासून झाले का म्हणून. तो फॉर्म मी हातात घेतला नाही याची मला आजही इतकी लाज वाटते की कुणी माझ्या खरेपणाचं कौतुक केलं की मी उठून दुसरीकडे जाते.

काही आठवड्यांनी पत्र आलं. नूतनीकरण नामंजूर, बंदूक आणि काडतुसं ठाण्यात जमा करावीत. आयुक्तांकडे अपील करता येतं असंही खाली लिहिलं होतं. मी म्हटलं, करू या. बाबा म्हणाले, "साहेबांनी ना म्हटलं म्हणजे ना." फौजेत आयुष्य काढलेल्या माणसाला हुकमावर भांडायचं कुणी शिकवलेलं नसतं.

ठाण्यात मी बरोबर गेले. नोंदी ठेवणाऱ्या मुन्शीने बंदुकीचा नंबर वहीशी ताडून पाहिला, नळ्या उघडून बघितल्या आणि विचारलं, "कारतूस?"

"सेठजींच्या तिजोरीत आहेत," बाबा मला म्हणाले आणि मग मुन्शीला हिंदीत सांगितलं, "दुकान पे हैं साब. अभी ला देता हूँ. घर में मैं रखता नहीं."

"कब से?"

"घरवाली के जाने के बाद से."

आम्ही ठाण्याबाहेर आलो. सराफ्याकडे चालताना मी विचारलं, "म्हणजे घरी बंदूक रिकामीच असायची?"

"रिकामीच. सकाळी गेलो की सेठजी काडतुसं काढून द्यायचे, संध्याकाळी मी परत द्यायचो. एकदा घरात वाईट विचार आला होता. स्वतःचाच भरवसा वाटेना. मग सेठजींना सांगितलं, हे तुमच्याकडे ठेवा. त्यांनी का म्हणून विचारलं नाही."

"मला सांगायचं होतंत बाबा."

"तू घाबरली असतीस."

मी रस्त्यातच रडायला लागले. सांगितलं त्यांना, त्या प्रश्नापुढे मी 'होय' का लिहिलं ते. तो रविवार, ते बंद झाकण, सगळं. बाबा एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले, मलाही बसवलं.

"मला कळलं होतं गं, खिडकीपाशीच," ते म्हणाले. "तू भ्यालीस, त्यात तुझं काय चुकलं? पण रोज सकाळी काडतुसं घ्यायला जायचंय म्हणून मी उठत होतो बेटा. दुसरं काही नव्हतं."

नंतर एजन्सीने एका सोसायटीच्या फाटकावर काम देऊ केलं, दंडा घेऊन उभं राहायचं. बाबांनी नको म्हटलं. मी त्यांना पुन्हा त्याच डॉक्टरकडे नेते, गोळ्या परत सुरू आहेत, आणि आता सगळं तोंडाने विचारते. ते खरं खरं सांगतात. सकाळी मी शाळेला निघते तेव्हा ते पलंगावर असतात. जागे असतात, पण उठत नाहीत.