त्रेब्बिओच्या चढावरचं ऊन

ओरेस्ते फाब्री चाळीस वर्षं इटलीतल्या फाएन्झा गावात एका कारखान्यात लेथवर उभा होता. निवृत्त झाल्यावर त्याच्याकडे तीन गोष्टी उरल्या: बायको ईर्मा, अधू डावा गुडघा आणि बावन्न सालची लाल गुत्झी मोटरसायकल. ही गुत्झी त्याने भंगारातून पोत्यांत भरून आणली होती. सहा हिवाळे खपून, बुश आणि पिना स्वतः कातून त्याने ती उभी केली. "नुसती पुसून चकचकीत केलेली गाडी म्हणजे न राबलेला हात," असं तो म्हणायचा. तो स्वतः राबला होता, म्हणून लोक ऐकून घ्यायचे.

त्याचा मित्र लिबेरो. वय चौऱ्याहत्तर, जन्मभर गवंडी. त्याची गाडी इंग्रजी, मॅचलेस. दुसरं महायुद्ध संपल्यावर इंग्रज सैन्य मागे ठेवून गेलं, ती त्याच्या बापाने दोन डुकरं देऊन घेतलेली. दर रविवारी गावातल्या जुन्या गाडीवाल्यांची मंडळी फेरीला निघायची; त्यात हे दोघे एकत्र निघायचे आणि वाटभर एकमेकांच्या गाडीची निंदा करायचे.

"तुझ्या इंग्रजणीनं आज परत रस्ता तेलानं सारवला."

"आहे म्हणून सांडतं. तुझीत आहे का बघ आधी."

त्या मंडळींत नियम फार नव्हते. एक मात्र होता. रस्त्याकडेला जुनी गाडी उभी दिसली की थांबायचं आणि विचारायचं. घाई असो, पाऊस असो. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, कारण लिहायची वेळच आली नव्हती.

जुलैत जुन्या गाड्यांची शर्यत असते. वेगाची नव्हे, वेळेची. प्रत्येक टप्प्याला सेकंद ठरलेले. लवकर पोचलात तरी गुण गेले, उशिरा पोचलात तरी गेले. गाड्या एकेका मिनिटाने सुटतात. ओरेस्ते तीनदा दुसरा आला होता, पहिला एकदाही नाही. त्या वर्षी त्याचा नंबर सर्वांत शेवटी होता आणि लिबेरोचा त्याच्या लगेच पुढे. सकाळपासून प्रत्येक टप्पा नेमका जुळत आला होता. राहिला होता फक्त त्रेब्बिओचा चढ.

चढाच्या निम्म्यावर, चेस्टनटच्या झाडांच्या दाट सावलीत, वळणावर लिबेरो उभा होता. हातात तुटलेली अ‍ॅक्सिलरेटरची वायर. ती त्याने उंच धरली. वायरीच्या टोकाची पितळी गुंडी निघाली होती; लिबेरोने स्वतःच झाळली होती ती. ओरेस्तेला ते वीस पावलांवरूनच कळलं. लिबेरोने जवळची जादा गुंडी सकाळी दुसऱ्या कुणाला देऊन टाकली होती, तेही त्याने पाहिलं होतं. त्याच्या स्वतःच्या खिशातल्या डबीत तशा चार होत्या, स्क्रूने आवळायच्या. दहा मिनिटांचं काम. मागून कुणी येणार नव्हतं. मदतीचा टेम्पो दुसऱ्याची बंद गाडी घेऊन खाली गेला होता.

त्याने अ‍ॅक्सिलरेटर सोडला. गुत्झीचा धडधडाट मंदावला. मग टाकीवर बांधलेलं घड्याळ दिसलं. त्याने मान सरळ केली आणि परत अ‍ॅक्सिलरेटर दिला.

चढाच्या माथ्यावर, शर्यत संपायची त्या खिंडीत, तो नेमक्या सेकंदाला पोचला.

लिबेरो दीड तासाने आला. अडीच किलोमीटर चढ, दीडशे किलोची गाडी, जुलैतली अकराची वेळ. ज्याने चढावर गाडी ढकलली आहे त्याला सांगायला नको. तीस पावलं जायचं, ब्रेक आवळून उभं राहायचं, परत तीस पावलं. ब्रेक सुटला तर कमावलेलं जातं. मंडळी जेवायला बसली होती, ती उठून धावली. लिबेरोच्या दोन्ही तळव्यांचे फोड फुटले होते. वेळ नोंदवणारी चौकी कधीच बंद झाली होती. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या नावापुढे 'पोचला नाही' असं लिहिलं गेलं.

शर्यतीचा सगळा भार लोरिस बेकरीवाल्यावर असे. त्याने विचारलं, "ओरेस्ते, तू तर याच्या मागेच होतास ना?"

जेवणारे हात थांबले.

"ऊन डोळ्यांवर होतं," ओरेस्ते म्हणाला. "दिसला नाही."

तिथल्या प्रत्येकाने ते वळण शेकडो वेळा घेतलं होतं. तिथे दुपारी तीनपर्यंत ऊन उतरत नाही. कुणीतरी मीठ मागितलं.

लिबेरो पाणी पीत होता. ग्लास खाली ठेवून म्हणाला, "असेल. फांद्यांतून येतं कधीकधी."

त्याने शिवी दिली असती तर ओरेस्तेने ती गिळली असती. हे मात्र घशाखाली उतरेना.

पहिलं बक्षीस म्हणजे मिठात मुरवून वाळवलेली डुकराची अख्खी मांडी. टाळ्या वाजल्या, पण मोजून वाजल्या. ओरेस्तेने ती गाडीला मागे बांधली आणि एकटाच घाट उतरला.

"कापू का?" ईर्माने विचारलं.

"नको."

मांडी तशीच टांगून राहिली. दोन दिवसांनी ईर्मा बाजारातून आली. "लोरिसची बायको भेटली," ती म्हणाली. "फार गोड बोलली माझ्याशी. घरात कुणी गेल्यावर बोलतात तसं. काय केलंयस तू?"

ओरेस्तेने तिला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी तो लिबेरोच्या अंगणात गेला. लिबेरो पट्ट्या बांधलेल्या हातांनी नवी वायर ओवत होता. ओरेस्ते उभाच राहिला.

"मी तुला पाहिलं होतं."

"माहीत आहे."

"कसं?"

"ऐकलं. तू अ‍ॅक्सिलरेटर सोडलास, मग परत दिलास. ज्याला मी दिसलोच नाही तो कशाला सोडेल?" वायर मध्येच अडली. ती मागे ओढून त्याने परत घातली. "तू थांबतोयस असं वाटून मी पाना काढला होता."

ओरेस्तेने विचारलं, "तिथं सगळ्यांसमोर का नाही बोललास?"

"तुझं खोटं तू निस्तर. मी कशाला त्यात हात घालू? आधीच सोललेत."

ओरेस्तेने वायरीचं टोक धरायला हात पुढे केला. लिबेरोने दिलं नाही. "होईल माझ्याच्यानं. तू गुरुवारी ये."

गुरुवारी मंडळी बारमध्ये जमतात. ओरेस्तेने मांडी टेबलावर ठेवली. "मी लिबेरोला पाहिलं होतं," तो म्हणाला. "ऊन नव्हतं. घड्याळ बघितलं आणि पुढे गेलो. माझं नाव खोडा."

लोरिसने मांडी उचलून काउंटरमागे ठेवली. पत्त्यांचा डाव पुढे सुरू झाला, ओरेस्तेलाही पानं वाटली. शाबासकी कुणी दिली नाही, ते बरं झालं.

त्या रविवारी तो सगळ्यांच्या आधी निघाला, कुणाची सोबत नको म्हणून. अर्ध्या वाटेत लघवीला थांबला. मागून गाडी आली, थांबली.

"सगळं ठीक?"

"ठीक."

दुसरी आली, थांबली. "काही हवंय?"

"नको."

एकामागून एक चौदा गाड्या थांबल्या. कुणी हसलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. रीत होती ती पाळत होते. ओरेस्ते खाली मान घालून प्रत्येकाला उत्तर देत होता. चौदाव्याला त्याने नुसता हात हलवला.

शेवटी मॅचलेस आली. लिबेरोने इंजिन बंद केलं.

"काय झालं?"

"काही नाही. लघवीला थांबलो होतो."

"मग झाली का?"

"होऊ कुठं देताय."

लिबेरो गाडीवरून उतरला नाही. पट्टी बांधलेला हात टाकीवर ठेवून समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला.

"कर," तो म्हणाला. "मी थांबलोय."